तपासले, चालू आहे

पोलीस ठाण्यात अलार्मचं टेबल कुणालाच नको होतं, म्हणून ते ठिणगीच्या गळ्यात पडलं. ती हवालदार होती, नोकरीला नऊ वर्षं झाली होती, आणि साहेबांच्या मते तिला तारांतलं कळत होतं.

काम वैतागाचं होतं. दुकानांत, दवाखान्यांत, गोदामांत बसवलेले अलार्म वाजले की कंट्रोल रूममधून ठाण्यात निरोप यायचा. गस्तीची गाडी सगळं सोडून धावायची. तिथे पोचल्यावर कळायचं की पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला, नाहीतर सेन्सरवर कोळ्याने जाळं केलं, नाहीतर साफसफाईला आलेल्या बाईंना कोड आठवला नाही. शंभरातले नव्वदच्या वर अलार्म असले पोकळ. गाडी चालवणारा जाड्या म्हणायचा, "आपण पोलीस कसले, आपण कोळ्यांचे पाहुणे."

ठिणगीला यात हसण्यासारखं फार काही दिसत नव्हतं. एकाच दुकानात सहा वेळा फुकट धावलेला माणूस सातव्या वेळी बुटाची नाडी नीट बांधून, पाणी पिऊन मग निघतो, हे तिने पाहिलं होतं. सातवा अलार्म खरा असला तर? म्हणून तिने साहेबांच्या मागे लागून नियम करून घेतला. वर्षात तीन खोटे अलार्म झाले की चौथ्याला गाडी जाणार नाही. गाडी परत सुरू करायची असेल तर परवाना असलेल्या कारागिराने जागेवर जायचं, दोष शोधून दुरुस्त करायचा आणि तसं लिहून द्यायचं. त्याचा फॉर्म तिनेच तयार केला. एका पानाचा. कुठे काय बिघडलं होतं, काय केलं, आणि शेवटी छापील ओळ: 'तपासले, चालू आहे.' खाली सही.

आलेल्या दर पाच फॉर्मांपैकी एकाच्या जागी ती स्वतः जाऊन पाहायची. चार कारागिरांना तिने त्यात पकडलंही होतं. मामाच्या फॉर्मांची मात्र तिने कधी पडताळणी केली नाही. मामाच्या कामावर शंका घेणं तिच्या डोक्यातच आलं नसतं.

ती आठ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. मामाने तिला आणि तिच्या आईला आपल्या दुकानामागच्या दोन खोल्यांत आणलं. मामी लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दुकान अलार्म आणि कुलपांचं. शाळेतून आली की ती त्याच्या टेबलाशी बसायची. एकदा तिने बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना लावून पाहिल्या, लखकन उजेड झाला आणि घाबरायच्या ऐवजी ती खिदळली. तेव्हापासून ती ठिणगी. तार कशी सोलायची, जोड कसा द्यायचा, सेन्सर खिडकीसमोर का लावायचा नाही, सगळं तिला मामाने शिकवलं. पोलीसभरतीचा अर्ज त्यानेच आणला होता. भरतीच्या दिवशी धावण्याच्या परीक्षेला तिच्यापेक्षा तोच जास्त घामाघूम झाला होता.

पुढे ठिणगीने आईला घेऊन वेगळं घर केलं. तरी आई रोज दुपारी भावाच्या दुकानात जायची. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे फॉर्म आई भरायची आणि सही तो करायचा. ठाण्यात फॉर्मांच्या गठ्ठ्यात आईचं गोल, टपोरं अक्षर दिसलं की ठिणगीला बरं वाटायचं. तो फॉर्म ती न वाचताच वरच्या ट्रेमध्ये टाकायची.

वर्षभरात खोटे अलार्म निम्म्यावर आले. मामाच्या एकतीस गिऱ्हाइकांकडून तर जवळजवळ बंदच झाले. साहेबांनी सगळ्या कारागिरांची बैठक घेतली तेव्हा ठिणगीने मामाला उभं केलं आणि सांगितलं, "यांच्याकडून शिका." मामा संकोचला. "कामात लबाडी नको, एवढंच," म्हणाला आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी साडेअकराला, बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानाबद्दल फोन आला. अलार्म वाजलाच नव्हता. शेजारच्या बेकरीवाल्याने फोन केला होता.

ठिणगी गाडीसोबत गेली. दुकान चालवणारी बाई, पन्नाशीची, आतल्या स्टुलावर बसली होती. डावं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं आणि ते तिने दुसऱ्या हाताने तान्ह्या मुलासारखं धरलं होतं. फरशीवर बाटल्यांच्या काचा होत्या.

"एक माणूस आला," ती म्हणाली. "चिठ्ठी नव्हती. झोपेच्या गोळ्यांचा अख्खा खोका दे म्हणाला. हातात लोखंडी सळई होती. मी बटण दाबलं."

काउंटरखाली संकटाचं बटण होतं. ते दाबलं की दुकानात काहीच वाजत नाही, थेट कंट्रोल रूमला कळतं.

"किती वेळा दाबलं?"

"पाच. सहा. सात मिनिटांत गाडी येते, असं तुम्हीच दुकानदारांना वाटलेल्या पत्रकात लिहिलं होतं ना? म्हणून मी त्याला बोलण्यात गुंतवलं. खोका आत आहे म्हटलं, किल्ली सापडत नाही म्हटलं, चष्मा शोधला. घड्याळाकडे बघत होते. अकरा मिनिटं मी त्याला अडकवून ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने सळई हाणली."

ठिणगीने लिहिणं थांबवलं.

"कुणी येणारच नाही हे माहीत असतं," बाई शांतपणे म्हणाली, "तर पहिल्याच मिनिटाला खोका देऊन टाकला असता. माझा हात गेला तो तुमच्या भरवशावर."

जाड्याने बाईला दवाखान्यात नेलं. ठिणगी काउंटरखाली गुडघ्यांवर बसली. बटण जागेवर होतं, दाबलं तर खटकन वाजतही होतं. तिने मागचं झाकण काढलं. आत एकही तार नव्हती. ती आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवरचं पॅनेल उघडलं. बटणाकडून येणारी तार कापून गुंडाळून ठेवली होती. तिच्या जागी, दोन स्क्रूंच्या मध्ये, तांदळाएवढा एक रेझिस्टर बसवला होता. त्यामुळे पॅनेलला वाटतं की बटण जोडलेलं आहे आणि कुणी दाबलेलं नाही. समोर हिरवा दिवा छान जळत राहतो. बटण हजार वेळा दाबलं तरी पॅनेलला पत्ता लागत नाही.

रेझिस्टरचा जोड तिने बोटाने फिरवून पाहिला. तारेला तीन पीळ, उरलेलं टोक मागे दुमडलेलं, वर टेपचे दीड वेढे. जोड उलगडू नये म्हणून टोक मागे दुमडायची सवय या शहरात दोघांनाच होती. एकाने ती दुसरीला शिकवली होती.

तरीही ठाण्यात येऊन तिने आधी फॉर्म शोधला. कुणी नंतर येऊन गडबड केली असेल, अशी एक वेडी आशा होती. फॉर्म चार महिन्यांपूर्वीचा होता. आईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'काउंटरवरील बाईंचा गुडघा लागून बटण दाबले जात होते. बटण हलवून सुरक्षित जागी बसवले. तीन वेळा दाबून पाहिले.' खाली छापील ओळ आणि मामाची सही. बटण तर एक बोटही हललं नव्हतं. जुन्या रंगाचा चौकोन अजून त्याच्या मागेच होता.

तीन वाजता ती दुकानात पोचली. मामा डोळ्याला भिंग लावून एक कीपॅड दुरुस्त करत होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी आई लिहीत होती.

"आज लवकर सुटलीस?" मामा म्हणाला.

"औषधांच्या दुकानातलं बटण तू काढलंस?"

त्याने भिंग उतरवलं. नाही म्हणाला नाही. "बस आधी."

"उभीच बरी आहे."

"त्या काउंटरला दुसरी जागाच नाही. लाकूड कोरावं लागलं असतं, अख्खा दिवस गेला असता. त्या आठवड्यात गाडी बंद केल्याची तुझी नऊ पत्रं आली होती माझ्या गिऱ्हाइकांना. जो तो मला फोन करतोय. मी एकटा माणूस."

"मग तसं लिहायचं. निदान त्या बाईला सांगायचं, की बटण बंद केलंय."

"सांगितलं असतं तर तिने दुसरा कारागीर बघितला असता."

"तिचं मनगट मोडलंय, मामा. ती अकरा मिनिटं बटण दाबत बसली होती."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, ते तिने पाहिलं, आणि आता तो काहीतरी बोलेल, चुकलं म्हणेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "तुला आकडा खाली हवा होता. आणला."

"मला खोटे अलार्म कमी हवे होते."

"तारेला खरं-खोटं कळत नाही. एक बंद केलं की दुसरंही बंद होतं. हे तुला कुणी सांगायला हवं होतं का?"

"किती ठिकाणी केलंयस असं?"

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. कोपऱ्यातून आई म्हणाली, "पुरे आता. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या."

ठिणगी आईच्या टेबलाकडे वळली. तिथे तीन फॉर्म होते, पूर्ण भरलेले. एक चप्पलांच्या गोदामाचा, एक दातांच्या दवाखान्याचा, एक छपाईच्या कारखान्याचा. 'मागील दाराचा सेन्सर बदलला. चालवून पाहिले.' तारीख गुरुवारची.

"आई, आज मंगळवार आहे."

"मग?"

"गुरुवारी काय बिघडलेलं सापडणार आणि काय दुरुस्त होणार, हे तुला आजच कसं माहीत?"

"तो सांगतो, मी लिहिते." आईने पेनाला टोपण लावलं. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, गोंधळ होता. "अगं, एवढी चिडतेस काय? मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलेलं आहे."

मामाने खोटं केलं, ते तरी तिच्या पाठीमागे केलं होतं. आई मात्र वर्षभर रोज संध्याकाळी तिच्या समोर बसून जेवत होती आणि मनात धरून चालली होती की आपली मुलगीही त्यात आहे. आणि त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं.

तिने तिन्ही फॉर्म उचलले.

"ते इथेच राहू दे, ठिणगे," मामा म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, लहानपणी गरम इस्त्रीला हात लावू नको म्हणायचा तसा.

ती फॉर्म घेऊन निघाली.

संध्याकाळी तिने साहेबांपुढे अहवाल ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. "मामाचं नाव लिहिलंयस."

"हो."

"आणि त्याचे फॉर्म तू एकदाही तपासले नाहीस, हेही लिहिलंयस. हे न लिहिता चाललं असतं."

"कुणीतरी विचारलंच असतं, साहेब."

पुढचे दहा दिवस ती दुसऱ्या एका कारागिराला घेऊन मामाच्या एकतीस गिऱ्हाइकांकडे फिरली. एकोणीस ठिकाणी काही ना काही बंद करून ठेवलेलं निघालं. गोदामाच्या मागच्या दाराचा चुंबक सेन्सरलाच चिकटवून टाकला होता, म्हणजे दार सताड उघडं टाकलं तरी अलार्मच्या लेखी ते बंदच. फोटो स्टुडिओतल्या सेन्सरच्या डोळ्यावर आतून कागद लावला होता. प्रत्येक जोडाचं टोक मागे दुमडलेलं. काम इतकं नीटनेटकं होतं की सोबतचा कारागीर एकदा बोलून गेला, "हात मात्र सुरेख आहे." ती पुढच्या झाकणाचे स्क्रू काढायला लागली. स्टुडिओवाल्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, "म्हणजे सात महिने मी रोज त्या डब्याला कोड घालून त्याला सलाम करून घरी जात होतो?"

"हो, काका."

"बरं," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

सगळं पुन्हा जोडलं आणि अलार्म पुन्हा वाजायला लागले. पंखे, पडदे, कोळी, सगळे परत आले. ठाण्यात विनोद व्हायला वेळ लागला नाही. मामाने भाचीला मामा बनवलं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळीकडे पसरलं. जाड्या त्यात हसला नाही, हे तिने मनात नोंदवून ठेवलं.

चौकशीला बाहेरचा अधिकारी आला. त्याने ठिणगीला बोलावून मामाचा लेखी जबाब वाचून दाखवला. त्यात शेवटच्या परिच्छेदात होतं: 'माझी भाची स्वतः त्या टेबलावर काम करते. औषधांच्या दुकानातील बटण कसेही करून गप्प करा, असे तिने मला घरी सांगितले होते. मी तिच्या सांगण्याप्रमाणे केले.'

"असं म्हणाला होतात?" अधिकाऱ्याने विचारलं.

ती आठवायला लागली आणि तिला आठवलं. एका रविवारी मामा घरी जेवायला आला होता. त्या आठवड्यात त्या दुकानाचा अलार्म चार वेळा वाजला होता. वाढता वाढता ती हसून म्हणाली होती, "मामा, कसंही कर, पण त्या औषधवालीचं बटण गप्प कर बाबा." मामाही हसला होता. आईसुद्धा.

वाक्य तिचंच होतं. जेवणाच्या ताटावरून उचलून त्याने ते कागदावर ठेवलं होतं.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "दुरुस्त कर, या अर्थाने म्हणाले होते."

"अर्थ जबाबात कसा लिहू, बाई?" अधिकारी म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मामा बाहेर बाकावर बसला होता. ती समोरून गेली तेव्हा तो उठून उभा राहिला. "येतो मग, हवालदार बाई," म्हणाला. पंचवीस वर्षांत त्याने तिला ठिणगीशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. बटणाचं, फॉर्मांचं, जबाबाचं जे लागलं नव्हतं ते तिला त्या दोन शब्दांनी लागलं. ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आईचा जबाब घ्यायला अधिकारी घरी आला. आईने त्याला पाणी दिलं आणि जे खरं वाटत होतं ते सांगितलं. भाऊ सांगेल ते लिहायचे. मुलीला माहीत असेल असं धरून चालले होते. का? तर घरातलीच माणसं, बोलणं झालंच असेल. अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. आईने खाली सही केली, तशीच गोल, टपोरी.

तो गेल्यावर ठिणगीने विचारलं, "मी तुला एकदा तरी म्हटलं होतं का, की मला माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

"मी खोटं सांगू का त्याला? तुला खरं बोललेलंच आवडतं ना?"

ठिणगीने अधिकाऱ्याचा पेला उचलून विसळायला नेला.

निकाल दीड महिन्याने लागला. मामाचा परवाना गेला. ठिणगीने सांगून करवून घेतलं असं सिद्ध झालं नाही, पण नात्यातल्या माणसाचे फॉर्म न तपासल्याबद्दल तिच्या नोकरीच्या कागदांत ताशेरा आला आणि अलार्मचं टेबल काढून घेतलं. तिला गस्तीच्या गाडीवर पाठवलं. टेबलावर आलेल्या नव्या माणसाने पहिल्याच दिवशी पाचातला एक हा नियम बदलून प्रत्येक फॉर्म तपासायचा असं केलं. ते बरोबरच होतं.

ती एकदा औषधांच्या दुकानात गेली. बाईचं मनगट बरं झालं होतं, पण हात पूर्ण वळत नव्हता. बरणीचं झाकण ती छातीशी धरून उघडत होती. काउंटर कोरून बटण आता खोल बसवलं होतं.

"तुम्ही स्वतः होऊन सगळं लिहून दिलंत, ते मला सांगितलं लोकांनी," बाई म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाही. पण तुम्ही दारात दिसलात की मला ती अकरा मिनिटं आठवतात. पुढच्या वेळी काही लागलं तर दुसऱ्या कुणाला पाठवा."

"पाठवते," ठिणगी म्हणाली.

मामाने दुकान बंद केलं. मागच्या खोल्यांत तो एकटाच राहायचा. पंखे, मिक्सर दुरुस्तीला यायचे, पण फारसे नाहीत. आई दुपारी जायची ती संध्याकाळपर्यंत बसायची, मग रात्रीचा त्याचा स्वयंपाक करून यायला लागली. घरी दोघी एकमेकींशी नीट बोलायच्या. दूध आणलं का, दिवा बंद कर, उद्या ड्यूटी कधी. एवढंच.

एका सकाळी आईने कपाटातल्या साड्या काढून पलंगावर रचल्या.

"मी तिकडे राहायला जाते," ती म्हणाली. "तो एकटा पडलाय. नीट जेवत नाही."

"आणि मी?"

"तू धडधाकट आहेस. तुला नोकरी आहे." आईने एक साडी उलगडून पुन्हा घडी घातली. "माझ्या पदरात आठ वर्षांची पोर होती तेव्हा त्याने दार उघडलं, ठिणगे. त्याने काय केलं ते मला कळतं. तू समजतेस तेवढी मी भोळी नाही. पण मी त्याला सोडू शकत नाही."

"तो मला सोडू शकला."

आईने मान हलवली, म्हणजे हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

बॅग जड होती. ठिणगीने ती खाली नेली, रिक्षात ठेवली आणि स्वतःही बसली. रस्ताभर आई सांगत होती की डाळीचा डबा खालच्या फळीवर आहे, गॅसवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. दुकानाच्या शटरवर धूळ बसली होती. मागच्या बाजूने तीन पायऱ्या चढून दार. ठिणगीने बॅग वरच्या पायरीवर नेऊन ठेवली. आतून रेडिओचा आवाज येत होता.

"आत ये. पाणी तरी पी," आई म्हणाली.

"ड्यूटी आहे."

आईने तिच्या गालाला हात लावला आणि दाराची कडी वाजवली. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ठिणगी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती.